इस्त्री थुंकायला लागली की : बोअरचं पाणी आणि वाफेची इस्त्री

मोतिया रंगाचा सिल्कचा ब्लाउज होता, साखरपुड्याचा. हुक-काज झालेलं, पिको-फॉल करून साडी शेजारी घडी घालून ठेवलेली. शेवटचा हात म्हणून बाहीला वाफ दिली, तर इस्त्रीनं घसा खाकरल्यासारखा आवाज केला आणि दोन थेंब थुंकली. फिक्या चहाच्या रंगाचे. लगेच पांढऱ्या सुती कापडानं टिपलं, थंड पाण्याचा हात लावला. एक डाग गेला, दुसऱ्याची कड राहिलीच. बाहीला काठाची पट्टी लावून वेळ निभावली, पण रात्री ठरवलं की आता याचा छडा लावायचा. तीन वर्षांतली ही माझी दुसरी इस्त्री, आणि पहिलीही अशीच थुंकून थुंकून गेली होती.

मी सांगलीत, विश्रामबागेत घरीच शिवणकाम करते. इस्त्री दिवसातले तीन-चार तास तापलेलीच असते. नळाला कृष्णेचं पाणी येतं, पण ते सकाळी, ठरल्या वेळेपुरतं. बाकी दिवसभर वरच्या टाकीतून उतरतं ते बोअरचं. आणि मी टेबलाशेजारच्या बेसिनचा नळ सोडून त्याच पाण्यानं इस्त्रीची टाकी भरायचे.

जुनी इस्त्री दुरुस्तीवाल्याकडे नेली. त्यांनी टाचेकडचे स्क्रू काढले, प्लास्टिकचं अंग उचललं आणि तळाच्या प्लेटवरचं पत्र्याचं झाकण उचकटलं. त्याखाली ॲल्युमिनियममध्ये एक नागमोडी पन्हळ असते. टाकीतलं पाणी थेंब थेंब तिच्यात पडतं आणि त्याची तिथल्या तिथं वाफ होते. माझ्या इस्त्रीत पन्हळ दिसतच नव्हती. उन्हात वाळत घातलेली तांदळाची पापडी भेगाळते, तसला पिवळट पांढरा थर काठोकाठ भरलेला. स्क्रूड्रायव्हर टोचला की कुडकुड वाजत तुकडे उडत होते. "वैनी, ह्यात पाणी घालत हुता का चुना?" एवढंच ते म्हणाले.

आधी थेंबाचा रंग बघा

इस्त्री थुंकली की सगळे क्षाराला दोष देतात. पण थुंकण्याचे दोन प्रकार आहेत आणि त्यांची औषधं वेगळी.

थेंब स्वच्छ असेल, कापडावर वाळून काहीच राहत नसेल, तर बहुतेक वेळा इस्त्री पुरेशी तापलेली नसते. वाफेचं बटण उघडं ठेवूनच स्विच चालू केला, किंवा उष्णतेची चकती एका ठिपक्यावर ठेवून वाफ मागितली, की पाण्याची वाफ होण्याआधीच ते भोकांतून बाहेर येतं. वाफ हवी तर चकती दोन ठिपक्यांच्या पुढेच हवी, आणि दिवा विझेपर्यंत वाफेचं बटण बंद. टाकी खुणेच्या वर भरली, किंवा वाफेच्या झोताचं बटण लागोपाठ चार-पाच वेळा दाबलं, तरी असंच होतं. झोताला मध्ये थोडा दम द्यावा लागतो, नाहीतर पन्हळ थंड पडते.

थेंब तपकिरी असेल, बरोबर पांढरे कण येत असतील, किंवा पूर्वी भसाभस येणारी वाफ आता अर्ध्याच भोकांतून येत असेल, तर मात्र क्षार. तपकिरी रंगात खळीचाही हात असतो. सुती साड्यांना कांजी करतो, ती भोकांच्या कडेला चिकटते, जळते आणि वाफेबरोबर सुटून येते. ज्यांच्याकडे कॉटनच्या साड्या जास्त, त्यांनी हे लक्षात ठेवावं. आणि कांजीचं पाणी, अत्तर, सुगंधी फॅब्रिक सॉफ्टनर यांतलं काहीही टाकीत घालू नये. मी एकदा गुलाबपाणी घातलं होतं. आठवडाभर सगळ्या गिऱ्हाइकांच्या कपड्यांना करपलेल्या साखरेचा वास येत होता.

इस्त्री तापतच नसेल तर तो क्षाराचा विषय नव्हे. वायर तुटलेली असेल किंवा आतला थर्मल फ्यूज गेला असेल. ती दुरुस्तीवाल्याकडेच द्या. टाकी असलेल्या विजेच्या वस्तूत घरी हात घालू नये.

इस्त्री म्हणजे गिझर नव्हे

जड पाण्याची लक्षणं इथल्या बायकांना सांगायला नकोत. तूरडाळ शिजता शिजत नाही, अंगाच्या साबणाला फेस येण्याऐवजी साय धरते, बाथरूममधल्या बादलीला पांढरी कड चढते. आपल्याकडचा खडक काळा बेसाल्ट, त्यातून मुरलेलं पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊनच बोअरला लागतं. शिवाय नदीकाठच्या काळ्या रानांना वर्षानुवर्षं उसाचं पाणी. मिरज, वाळवा, पलूस भागातली क्षारपड जमीन ज्यांनी पाहिली आहे त्यांना त्याच मातीखालच्या पाण्यात काय असणार हे कळेल. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंतचा जडपणा ठीक मानतं आणि दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतं. ते माणसाच्या पोटासाठी. इस्त्रीचं पोट निराळं आहे.

गिझरमध्ये पाणी येतं आणि तापून निघून जातं. थोडा क्षार कॉइलवर बसतो, बराचसा पाण्याबरोबर वाहून जातो. इस्त्रीतून पाणी वाहून जात नाही. बाहेर पडते ती वाफ, आणि वाफेत क्षार नसतो. म्हणजे टाकीत जे विरघळलेलं होतं ते जवळजवळ सगळं आत राहतं, थोडंफार थुंकीतून बाहेर पडलं तर पडलं. मिठागरात समुद्राचं पाणी आटवतात तसंच हे, फक्त मिठागरातलं मीठ फावड्यानं ओढून काढता येतं.

मी टीडीएस मीटर घेतला. पेनाएवढा असतो, पाण्यात बुडवला की लिटरला किती मिलिग्रॅम विरघळलंय त्याचा अंदाज दाखवतो. माझ्या घरचं बोअर ९८०, सकाळचं नळाचं २१०, स्वयंपाकघरातल्या आरओचं ४५. माझ्या इस्त्रीची टाकी पाव लिटरची. बोअरच्या पाण्याची एक टाकी आटली की जवळजवळ पाव ग्रॅम क्षार आत. दिवसाला दोन टाक्या, महिन्याचे पंचवीस दिवस काम, म्हणजे महिन्याला १२ ग्रॅम. घरातला पोह्यांचा नव्हे, चहाचा चमचा घेतला तर दोन चमचे मीठ दर महिन्याला इस्त्रीत ओतल्यासारखं. तेच नळाच्या पाण्यानं अडीच ग्रॅमच्या आसपास आणि आरओच्या पाण्यानं अर्धा ग्रॅम. हा हिशोब कागदावर मांडला तेव्हा दुरुस्तीवाल्यांचं बोलणं टोमणा वाटेनासं झालं.

मीटर नसेल तर स्टीलच्या दोन वाट्या घ्या, एकीत बोअरचं आणि दुसरीत आरओचं पाणी, दोन्ही मंद आचेवर पूर्ण आटवा. तळाला काय राहतं ते डोळ्यांनीच दिसतं.

मग घालायचं कोणतं पाणी?

इथं मी पुष्कळ प्रयोग केले, त्यातले निम्मे वाया गेले.

उकळून गाळलेलं पाणी. थोडा उपयोग होतो. उकळल्यावर बायकार्बोनेटचा भाग चुन्यासारखा खाली बसतो, म्हणून पातेल्याच्या तळाला पांढरं दिसतं. पण सल्फेट आणि क्लोराइड उकळून जात नाहीत, उलट पाणी आटलं की दाट होतात. माझं ९८० चं पाणी दहा मिनिटं उकळून, रात्रभर निवळून, वरचं तेवढं ओतून घेतलं तर ७४० भरलं. गॅस जाळून एवढंच.

सॉफ्टनरचं पाणी. आमच्या ओळखीच्या एका अपार्टमेंटमध्ये टाकीला सॉफ्टनर बसवलाय आणि तिथल्या एक काकू खात्रीनं सांगत होत्या की आता इस्त्रीला काही होणार नाही. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्या जागी सोडियम घालतो. साबणाला फेस येतो, नळाला थर धरत नाही, ते खरं. पण मीटर लावला तर आकडा होता तिथंच. इस्त्रीत पाणी पूर्ण आटतं, म्हणून तिथं सोडियमचे क्षार साचतात. ते खडकासारखे घट्ट बसत नाहीत, पण धातू खातात. इस्त्रीच्या पुस्तिकांतही असं रसायनानं मऊ केलेलं पाणी वापरू नका असं लिहिलेलं सापडतं.

एसीचं पाणी. मीटरवर अगदी कमी दिसतं म्हणून मोह होतो. पण ते धूळ धरलेल्या तांब्या-ॲल्युमिनियमच्या जाळीवरून ओघळत येतं, त्यात बुळबुळीत शेवाळीही असते. मी एक बाटली भरून ठेवली होती, चौथ्या दिवशी तळाला तंतू दिसले. ओतून दिली. पावसाच्या पाण्याचंही तेच, पत्र्यावरून आलेलं तर नकोच.

बॅटरीचं पाणी. हे चालतं, फक्त डोळे उघडे ठेवून घ्या. सीलबंद कॅनवर डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड वॉटर असं छापलेलं हवं. गॅरेजमध्ये सुटं कधीच घेऊ नका, कारण तिथं शेजारच्याच कॅनमध्ये बॅटरीचं ॲसिड असतं. काही कंपन्या निव्वळ डिस्टिल्ड पाणी घालू नका, निम्मं नळाचं मिसळा असं सांगतात, काहींना निव्वळ चालतं. आपल्या इस्त्रीच्या पुस्तिकेत बघा. पुस्तिका हरवली असेल तर मिसळा.

आरओचं पाणी. मी हेच वापरते. पण एक खोच आहे. बऱ्याच आरओ मशिनांत चव यावी म्हणून थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळायचा नॉब असतो. मशीन बोअरला जोडलेलं असेल तर ते मिसळलेलं पाणीही बोअरचंच. नॉब जास्त उघडा असला तर आरओचं म्हणून २०० चं पाणी मिळतं. आणि मशिनच्या दुसऱ्या नळीतून जे टाकाऊ पाणी जातं ते मूळ बोअरपेक्षाही दाट असतं. फरशी पुसा, इस्त्रीला नको.

टेबलाखाली पाच लिटरचा एक कॅन ठेवलाय, त्यावर मार्करनं 'इस्त्री' लिहिलंय. घरात कोणीही टाकी भरली तरी त्यातूनच भरायची. मुलांनी सुरुवातीला दोनदा बेसिनमधून भरली, म्हणून बेसिनच्या नळावरही चिठ्ठी लावली.

टाकी रोज रिकामी

पाणी बदललं तरी ही सवय लागेपर्यंत माझं पूर्ण जमलं नव्हतं. काम संपलं की इस्त्री तशीच टाचेवर उभी करून उठायचे, टाकीत अर्धा पेला पाणी. वाफेच्या बटणाखाली एक बारीक सळई असते, ती वर-खाली होऊन पाण्याचं भोक उघडते आणि बंद करते. ते भोक सुईच्या नेढ्यापेक्षा थोडंच मोठं. पाणी साचलेलं राहिलं की सळईच्या टोकाशी ते झिरपतं, वाळतं, पुन्हा झिरपतं. गळक्या नळाच्या तोंडाला जशी पांढरी गाठ येते तशीच गाठ इथं येते, आणि एक दिवस वाफच बंद. आतली पन्हळ स्वच्छ असून उपयोग नाही.

माझ्या आताच्या इस्त्रीत हे बटण वर ओढून सळईसकट काढता येतं. महिन्यातून एकदा, इस्त्री पूर्ण थंड आणि प्लग काढलेला असताना, मी ती काढते. टोकाला खसखशीएवढा दाणा असतोच. नखानं उडतो. नाही उडाला तर वाटीत चमचाभर लिंबाचा रस घेऊन तेवढं टोक दहा मिनिटं बुडवायचं, धुवायचं, परत बसवायचं. तुमची इस्त्री घ्यायची राहिली असेल तर दुकानात हे बटण निघतं का ते आधी विचारा. खोक्यावरच्या 'अँटी-कॅल्क', म्हणजे क्षार धरू न देणारी, या शब्दापेक्षा हे जास्त कामाचं. त्यासाठी आत बसवलेली छोटी पुडी बोअरच्या पाण्यापुढे फार दिवस टिकत नाही.

काम संपल्यावर: वाफेचं बटण बंद, स्विच बंद, प्लग काढायचा, मग भरायच्या तोंडातून बेसिनमध्ये सगळं पाणी ओतायचं. वाकडी करताना तोंडावर हात ठेवू नका, पाणी कढत असतं. नंतर टाचेवर उभी. प्लेट अजून तापलेली असते, तिच्या धगीनं आतलं उरलंसुरलं वाळून जातं.

धुवायची कशी, आणि व्हिनेगरचं काय

पंधरा दिवसांतून एकदा सेल्फ क्लीन. बहुतेक वाफेच्या इस्त्र्यांना ही सोय असते आणि बहुतेक घरांत ते बटण कधी वापरलेलं नसतं. मी असं करते: टाकी आरओच्या पाण्यानं भरायची, वाफ बंद, उष्णता पूर्ण वर, इस्त्री टाचेवर. दिवा विझला, परत लागला, परत विझला की प्लग काढायचा. बेसिनवर आडवी धरायची, सेल्फ क्लीनवर बटण न्यायचं आणि पुढं-मागं हलवायची, चाळणीत रवा चाळतो तशी. फसफसून वाफ येते, कढत पाणी येतं आणि बरोबर कण पडतात. हात लांब, लहान मुलं त्याहून लांब. पहिल्यांदा केलं तेव्हा बेसिनमध्ये कणीभर तांदूळ सांडल्यासारखं दिसत होतं. पाणी नितळ येईपर्यंत दोन-तीनदा करायचं. मग परत तापवून जुन्या चादरीवर फिरवायची, म्हणजे अडकलेले कण चादरीवर निघतात. माझ्यासारखं थेट गिऱ्हाइकाच्या कापडावर जाऊ नका.

व्हिनेगर. पहिल्या इस्त्रीला मी तेच केलं होतं. शेजारच्या काकूंनी मोबाइलवर दाखवलं, निम्मं व्हिनेगर, निम्मं पाणी, तापवा आणि वाफ सोडा. घरभर लोणचं सांडल्यासारखा वास झाला, आणि खरंच क्षार निघाला. पण एकदम मोठाल्या पापड्या सुटल्या आणि आतून भोकांवरच जाऊन बसल्या. तेवढ्यावरही निभावलं असतं. पण नंतर ती इस्त्री अगदी स्वच्छ पाणीसुद्धा थुंकायला लागली, हे मला कितीतरी दिवस कोडं होतं.

घावन घालताना तवा तापला का हे बघायला आपण त्यावर पाणी शिंपडतो. तवा फार तापलेला असेल तर थेंब चर्र होऊन उडून जात नाही, मोत्यासारखा गोल होऊन नाचत राहतो. थेंबाखाली वाफेची गादी तयार होते आणि पाणी तव्याला टेकतच नाही. इस्त्रीच्या पन्हळीत असं होऊ नये म्हणून कारखान्यातच तिला एक खरबरीत लेप दिलेला असतो. त्यावर पाणी पसरतं आणि पटकन वाफ होते. आम्लानं क्षाराबरोबर हा लेपही खाल्ला जातो. मग थेंब पन्हळीतून नाचत नाचत भोकापर्यंत येतो आणि पाणी म्हणूनच बाहेर पडतो. ॲल्युमिनियम आणि रबरी सील यांनाही आम्ल मानवत नाही. म्हणून टाकीत व्हिनेगर, लिंबूसत्व, केटल साफ करायची पावडर यांतलं काही नाही, पुस्तिकेतच सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी. आणि क्षारानं गच्च भरून गेलेली इस्त्री असल्या उपायांनी उघडली तरी पुढे थुंकणारच. तिची वाफ बंद करून ती कोरडी इस्त्री म्हणून वापरा, तशी ती वर्षानुवर्षं चालते.

तळाच्या प्लेटवरचे जळके डाग कोमट असताना ओल्या मऊ कापडानं पुसायचे. साध्या धातूच्या प्लेटला खाण्याच्या सोड्याचा लेप चालतो, नॉनस्टिकला तोही नको. तारेची घासणी, मीठ, पॉलिश पेपर कशालाच नाही. भोकांना टाचणी घालायची नाही, कान कोरायची कापसाची काडी ओली करून फिरवायची.

टेलरकामवाल्यांसाठी थोडं

ज्यांचं काम माझ्यापेक्षा जास्त आहे ते वरून बाटली टांगायची स्टीम इस्त्री घेतात. त्या बाटलीत रेझिनचे दाणे येतात. पाणी त्यातून येताना क्षार दाण्यांत अडकतो आणि दाणे संपत आले की त्यांचा रंग बदलतो. व्यवस्था चांगली आहे. पण बोअरचं पाणी घातलं तर दाणे बघता बघता रंग बदलतात आणि नवे आणायचं राहून जातं. मग रिकाम्या दाण्यांतून तेच पाणी खाली येतं. त्या बाटलीतही आरओचं घातलं तर दाणे पुष्कळ दिवस जातात.

आमच्या गल्लीतले परीटमामा यातलं काहीच करत नाहीत. त्यांची जड इस्त्री, टाकीचं नावच नाही. तांब्यात पाणी घेऊन हातानं शिंपडतात, कापड गुंडाळून ठेवतात आणि दहा मिनिटांनी इस्त्री फिरवतात. त्यांचं हसू व्हायचं मला पूर्वी.

माझी जाऊ जतकडे असते. घरात आरओ नाही, बोअरचं पाणी माझ्याहून वाईट, तिथं मीटर ११०० च्या पुढं गेला. तिला मी कॅन-बिन काही सांगितलं नाही. तिची वाफेची इस्त्री कधीचीच बंद पडली होती, तिचं वाफेचं बटण कायमचं बंद केलं, टाकी कोरडी केली आणि एक जुना पंचा दिला. पंचा भिजवून घट्ट पिळायचा, कपड्यावर पसरायचा, वरून तापलेली इस्त्री. वाफ पंच्यातून कपड्यात जाते, पाण्यातला क्षार पंच्यातच राहतो. तीन आठवड्यांनी पंचा पुठ्ठ्यासारखा कडक होतो, मग ती तो धुऊन वाळत घालते आणि दुसरा घेते.